समाधान आणि उधारीची वही

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील परंडा, भूम परिसरात उभे सोयाबीन पाण्यात गेले. कित्येक शेतांतील मातीही खरवडून गेली. अशा घरी जाऊन आपण सहज म्हणतो, "सब्र करा." हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला, हे मात्र कोणी स्वतःला विचारत नाही.

खरी श्रीमंती मनाची असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वश्रुत आहे. तेच प्रेषित (स.) दारिद्र्यापासून आणि कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत, याचे स्मरण आपल्याला कमी राहते. गरिबीला त्यांनी गोड म्हटलेले नाही. पीक गेल्याचे दुःख माणूस सोसतो. उद्या वसुलीसाठी दारात कोण उभा राहील, या धास्तीने त्याची झोप उडते. सूरह अल-बकरामधील २८० वी आयत म्हणूनच थेट धनकोशी बोलते: ऋणको अडचणीत असेल तर त्याची ऐपत येईपर्यंत मुदत द्यावी, कर्ज सोडून दिले तर अधिकच उत्तम. कनाअत ही स्वतःच्या ताटाकडे पाहताना बाळगायची वृत्ती आहे, शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटापुढे सांगायचा उपदेश नव्हे.

बियाण्याच्या, किराण्याच्या उधारीची वही आपल्यापैकीही अनेकांच्या दुकानात आहे. रब्बीचे पीक हाती येईपर्यंत ती मिटून ठेवता येते.