आपली जुनी गाडी कोणाच्या दारात जाते?



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात गाड्यांचा विषय निघाला नाही, असे क्वचितच घडते. कोणी नवी घेतलेली असते, कोणी बघत असतो, कोणाची गॅरेजमध्ये पडून असते. बेसा हे शहराबाहेरचे गाव होते, तेव्हा मोटार दिसली की पोरे मागे धावत. आता बेसा, घोगली, पिपळ्याच्या ले-आउटमधून फेरफटका मारला, तर फाटकांआड मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू, स्कोडा सुपर्ब उभ्या दिसतात. कष्टाने मिळवलेल्या पैशातून कोणी चांगली गाडी घेतली, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. महागडी गाडी बाळगणे हे पाप आहे का, या विषयावर आम्ही लिहिणार नाही. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि लिहिणारे बहुधा दुचाकीवरून फिरणारे असतात! आम्हाला पडलेला प्रश्न वेगळा आहे. आपण गाडी बदलतो, तेव्हा जुनी गाडी कोणाच्या दारात जाते आणि तिच्याबरोबर आपण काय काय पाठवतो?

या गाड्यांचे एक गणित आहे. नवी असताना पन्नास-साठ लाखांची सेडान पाच वर्षांत निम्म्या भावाच्या आसपास येते. आणखी काही वर्षांनी ती एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळू लागते. मुलाचे लग्न ठरलेले असते, दारात मोठी गाडी असावी असे वाटत असते, आणि हिशेब मांडला तर हप्ता तेवढाच बसतो. मग नवी छोटी कशाला, जुनी मोठीच घेऊ, असे ठरते. हिशेबात एक रकाना मात्र राहून जातो. गाडीची किंमत खाली येते, सुट्या भागांची येत नाही. साठ लाखांच्या गाडीचा दिवा ती दहा लाखांना विकली गेली तरी साठ लाखांच्या गाडीचाच दिवा राहतो. असा एक एलईडी हेडलाइट फुटला, तर नव्या स्कूटरएवढे पैसे जातात. एअर सस्पेन्शन बसले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे इलेक्ट्रॉनिक युनिट गेले, तर खर्चाचा आकडा लाखांत बोलतो. बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत साधी बॅटरी बदलली, तरी नवी बॅटरी आली आहे हे संगणक लावून गाडीला कळवावे लागते. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. 45 अंशांत रबर आणि प्लॅस्टिकच्या नळ्या कडक होऊन तडकतात. आणि सेडानचे पोट जमिनीलगत असते, हे आपल्या ले-आउटमधले गतिरोधक बांधणाऱ्यांच्या गावीही नसते.

बरे, हे भाग खराब कधी होतात? कंपनीची वॉरंटी संपल्यानंतर, आणि घसारा न कापता भरपाई देणारा विमा मिळेनासा झाल्यानंतर. पहिला मालक नेमका त्याच सुमारास गाडी बदलतो. त्याला आपण अपग्रेड म्हणतो. शब्द मोठा गोड आहे. पण त्या शब्दाआड एक व्यवहार झालेला असतो: गाडी चालवण्याचे सुख वरच्याने घेतले आणि दुरुस्तीचे दिवस खालच्याकडे गेले. दुसरा मालक पहिल्यापेक्षा कमी कमावणारा असतो, तिसरा त्याहून कमी. ज्याची ऐपत सर्वांत थोडी, त्याच्या हाती गाडी सर्वांत खर्चिक वयात येते.

2010 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने मिळून 150 मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा घेतल्या होत्या. सौदा 65 कोटींचा होता. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकली. त्या गाड्यांसाठी स्टेट बँकेने 7 टक्क्यांनी कर्ज दिले आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी मात्र 12 टक्के पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले. तोही विचार करण्याजोगा विषय आहे, पण आज नको. आम्हाला त्या गाड्यांचे पुढचे आयुष्य डोळ्यांपुढे येते. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. म्हणजे ती 2025 मध्ये संपली. एवढ्या वर्षांत अशा गाड्या दोन-तीन हातांतून जातात. सौद्याच्या दिवशीचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले. नंतरच्या मालकांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

यावर कोणी म्हणेल, घेणाऱ्याला डोळे नाहीत का? त्याने पारखून घ्यावी. जुन्या काळी हे म्हणणे बरेचसे खरे होते. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेताना माणूस ओळखीचा मिस्त्री बरोबर नेई. मिस्त्री बॉनेट उघडून कान लावी, सायलेन्सरच्या धुराचा रंग पाही आणि निकाल देई. आजच्या सेडानमध्ये बिघाड संगणकात नोंदलेला असतो. स्कॅनर लावून ती नोंद ग्राहक येण्याआधी पुसता येते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो आणि मूळ बिघाड तसाच असल्यामुळे काही दिवसांनी पुन्हा लागतो. तेवढ्यात व्यवहार होऊन गेलेला असतो. किलोमीटरचा आकडाही मागे नेणारे लोक आहेत. ओळखीच्या मिस्त्रीला आत शिरायला वावही थोडाच. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या, असे आयोगाला आढळले. त्या 14 मध्ये मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि स्कोडाही होत्या. पुढे अपिले झाली, कोर्टकचेरी झाली. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून उपक्रम सुरू केला, त्यातही मोटारी आहेत. तेव्हा डोळे असले तरी दिसत नाही, अशी आजच्या ग्राहकाची स्थिती आहे.

आपल्या शहरातलेच उदाहरण घ्या. 22 सप्टेंबर 2023 ची रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले. माणसे दगावली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत गाड्या पाण्याखाली गेल्या. आधुनिक सेडानमध्ये विजेच्या तारांचे जाळे आणि कितीतरी कंट्रोल युनिट आसनांखाली, गालिच्याखाली असतात. पाणी ओसरल्यावर कोणी घाईने गाडी सुरू करून पाहिली, तर इंजिनात पाणी ओढले जाते आणि आतला दांडा वाकतो. असे नुकसान साध्या विम्यात बसत नाही, त्यासाठी वेगळे कलम घेतलेले असावे लागते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की कंपनी गाडी निकालात काढते. पण निकालात निघालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. ती कोणीतरी लिलावात घेतो, वाळवतो, गालिचा बदलतो, सुगंध मारतो आणि दुसऱ्या गावी विकतो. 26 जुलै 2005 च्या पावसानंतर मुंबईतल्या गाड्यांचेही असेच झाले. पाणी पिऊन आलेली गाडी सहा महिने नीट चालते. मग तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, आणि एखाद्या दिवशी वर्धा रोडवर तिचे दिवे आपोआप विझतात.

दोष लपवून विकण्याचा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिका’मध्ये खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला. त्यांच्या काळी जे स्थान सेडानला आहे, ते घोड्याला होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: घोड्याला एकच डोळा आहे, हे समोर दिसते, त्याची किंमत त्यानुसार कमी केली, तर मुद्दाम ओरडून सांगायला नको. पण घोडा आतून लंगडा असेल आणि तो वेगवान म्हणून विकला, किंवा मोडकळीस आलेले घर मजबूत म्हणून विकले, तर तो अन्याय आहे. कारण दोष झाकलेला आहे आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान होते किंवा जिवाला धोका पोहोचतो. म्हणजे ओरखडा सांगितला नाही तरी चालेल, पण पाण्यात बुडाली होती हे सांगितलेच पाहिजे.

गंमत अशी, की आपल्या देशाच्या कायद्यातही घोडाच आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम फसवणुकीची व्याख्या करते. माहीत असलेली गोष्ट हेतुपूर्वक दडवणे ही फसवणूक. नुसते गप्प बसणे ही सहसा फसवणूक नाही. हे समजावण्यासाठी कायद्याने उदाहरणे दिली आहेत. एक जण सदोष घोडा लिलावात विकतो आणि काही बोलत नाही: ही फसवणूक नव्हे. पण विकत घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर? मग नात्यामुळेच बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हे उदाहरण वाचल्यापासून आमच्या डोक्यातून जात नाही. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. समोर कोण आहे, एवढ्यावरून मौनाचा गुन्हा ठरतो. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून त्याने ती घराच्या उंबरठ्यावर ओढली. आपण ती कुठे ओढायची? शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला विकताना आपण बहुधा सांगू. पुढच्या ले-आउटमधल्या अनोळखी माणसाला? दलालामार्फत अमरावतीला जाणार असेल, तर? बहुतेकांचे मौन अंतराबरोबर वाढत जाते, असे आमचे निरीक्षण आहे. गाडीचा दोष मात्र अमरावतीला पोहोचेपर्यंत कमी होत नाही.

सर्वांत अवघड जागा पुढेच आहे. समजा, एका कुटुंबाने बचत मोडून आणि कर्ज काढून सात वर्षांची सेडान घेतली. वर्षभरात कळले, की ही पाण्यातली गाडी आहे. विकणाऱ्याने सांगितले नव्हते. आता गिअरबॉक्सचा खर्च उरलेल्या कर्जाएवढा येतो आहे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. दोष पुसून, दिवा विझवून गाडी पुढे ढकलली, तर दीड-दोन लाख वाचतात. त्यांनी काय करावे? ‘सत्य बोला’ असे येथे बसून लिहिणे सोपे आहे. फी त्यांना भरायची आहे. त्यांचा युक्तिवादही पोकळ नाही: फसवले दुसऱ्याने, मग शिक्षा आम्हीच का भोगावी?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. त्यांचे देणे आहे खरे, पण ते मागच्या विक्रेत्याकडून येणे आहे. त्याच्याकडे मागावे, नोटीस द्यावी, ग्राहक आयोगाची किंवा कोर्टाची पायरी चढावी लागली तर चढावी. पुढच्या ग्राहकाने त्यांचे काहीच घेतलेले नाही. त्याच्याकडून ते वसूल करणे म्हणजे चोर पळाला म्हणून वाटसरूचा खिसा कापणे. आणि हा पुढचा ग्राहक, वर म्हटल्याप्रमाणे, बहुधा त्यांच्याहूनही ओढग्रस्तीचा असणार. तरीही हे लिहिताना आमचा हात जड होतो, हे कबूल केले पाहिजे. असे कुटुंब आपल्यात असेल, तर त्याला उपदेश पाठवण्यापेक्षा आपल्यातल्या कोणा वकिलाने ती नोटीस विनामूल्य लिहून द्यावी, कोणा फिटरने प्रामाणिक अंदाजपत्रक द्यावे. खरे बोलण्याची किंमत एकाच घराने का मोजावी?

एका बाबतीत मात्र काही विचार करायचा राहत नाही. ती बाब टायरची. समृद्धी महामार्ग आपल्या दारातूनच निघतो. 11 डिसेंबर 2022 ला तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि 5 जून 2025 ला 701 किलोमीटर पुरा झाला. तिथे मोटारीला ताशी 120 ची मुभा आहे आणि रस्ता सिमेंटचा, तापणारा. टायरवर नक्षी शाबूत दिसली, तरी रबर म्हातारे झालेले असू शकते. जुन्या काळी घोड्याचे वय दातांवरून ओळखत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. विकणाऱ्याने हे आकडे स्वतः दाखवावेत. अक्वायनस ज्याला धोका म्हणतात, तो येथे चार जणांच्या जिवाचा असतो.

वापरलेली गाडी पुढे देण्याची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. डिसेंबर 1964 मध्ये पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले, तेव्हा त्यांच्यासाठी भेट मिळालेली पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल गाडी होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना दिली. मदर तेरेसांनी ती वापरली नाही. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीला लावला. आपल्याला गाडी दान करायला कोणी सांगत नाही. पण ती पुढे जाताना घेणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होऊन जाऊ नये, एवढे आपल्या हाती असते.

करायचे झाले, तर काम अर्ध्या तासाचे आहे. गाडी विकायला काढाल तेव्हा एक कागद घ्या. त्यावर तारखेनिशी लिहा: काय बदलले, कुठे ठोकली, पाण्यात होती की नाही, कोणता दिवा मधूनच लागतो, टायर कोणत्या साली बनले, पुढच्या वर्षभरात कोणता खर्च येईल असे मिस्त्री म्हणाला. दुरुस्तीच्या पावत्या त्याला जोडा आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्या. दलाल तो कागद पाहून कपाळाला हात लावील. असा कागद ठेवला तर गाडी लवकर विकली जाणार नाही, पन्नास हजार तरी कमी येतील, असे तो म्हणेल, आणि बहुधा ते खरे निघेल.