भरती, ओहोटी आणि विवेक



भाटघर धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की वेळवंडी नदीच्या पात्रातले कांबरेश्वराचे मंदिर पुन्हा दिसू लागते. धरण भरलेले असते तेव्हा मंदिर पाण्याखाली जाते. ते जागचे हललेले नसते, वरचे पाणी तेवढे वाढलेले असते. म्हणून तिथल्या होडीवाल्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : खाली काय आहे आणि आज पाणी किती आहे.

धरणात हा फरक पडायला महिने लागतात. भोरहून वरंधा घाट उतरून महाडकडे गेलो की सावित्रीच्या खाडीत तोच फरक सहा तासांत पडतो. महाड हे एके काळचे बंदर. बाणकोटकडून भरतीचे पाणी आत शिरले की होड्या त्याच्या जोरावर वर येत. ओहोटीला गाळाचे पट्टे उघडे पडतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढते, अष्टमीच्या भांगाला कमी. काल दहा वाजता मोकळी असलेली वाट आज दहा वाजता तशीच असेल, असे नाही.

मग माणसाच्या वागण्याचेही तसेच आहे का? ‘फादर, काळ बदलला, आता जुने नियम कुठे चालतात?’ असे पुष्कळ जण विचारतात.

यात एक घोटाळा आहे. पाणी बदलते, खडक बदलत नाही. भरतीला खडक दिसत नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. खोटे बोलून दुसऱ्याचा हिस्सा घेणे हा असा खडक आहे. परंतु केवळ खडकांची यादी पाठ असून होडी चालत नाही. तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रात म्हटले आहे, की वैद्यकात आणि नौकानयनात जसा प्रसंग पाहावा लागतो, तसाच तो आचरणातही पाहावा लागतो. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाचे घटक सांगितले. त्यांत स्मरण, इतरांकडून शिकण्याची तयारी आणि सावधपणा हेही आहेत. बांबूने पाणी जोखत जाणारा आणि जुन्या माणसाला वाट विचारणारा नावाडी याहून वेगळे काय करतो?

उथळ पाण्याचा एक साधा नियम आहे. शंकेची जागा चढत्या भरतीत ओलांडावी. तेव्हा होडी रुतली, तरी वाढते पाणी तिला थोड्या वेळात उचलते. ओहोटीत रुतली, तर तासन्‌तास अडकते. आणि उधाणाच्या ऐन भरतीला उंच जागी बसली, तर कधी कधी पुढच्या उधाणापर्यंत सुटत नाही. म्हणजे चूक सुधारायला जागा असेल, तेव्हाच धोका पत्करावा.

आपल्या भोर-वेल्ह्यातली जमिनीची गोष्ट घ्या. गिऱ्हाईक दारात येते, ‘दोन दिवसांत इसार घ्या, नाहीतर दुसरीकडे बघतो’ म्हणते. जमीन विकणे पाप नव्हे. मुलाच्या उपचारासाठी ती विकणे योग्यही ठरेल. हा पाणी जोखण्याचा प्रश्न आहे. पण एकदा खरेदीखत झाले, की ते पाणी परत चढत नाही. म्हणून घाई नको. बहिणीला नीट न सांगता हक्कसोड पत्रावर तिची सही घेणे हा मात्र खडक आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आईवडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. भाव कितीही चढला, तरी हा खडक बुडत नाही.

विवेक म्हणजे नेहमी थांबणे, असेही नाही. होडीत अत्यवस्थ रोगी असेल, तर नावाडी भरतीची वाट पाहत बसणार नाही. तो सामान उतरवील, धडधाकट माणसांना गाळात उतरून होडी ढकलायला लावील. ओझे टाकायचे असते, माणूस नव्हे. घरातही एखादा निर्णय तातडीने घ्यावा लागतो. तेव्हा आपला हट्ट आणि फायदा आधी खाली उतरवावा.

तेव्हा इसार घेण्यापूर्वी एक दिवस थांबा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि बहिणीला समोर बसवून सारे कागद वाचून दाखवा.