शोध घेणे आणि शोध लागणे

मोठ्या शहरांतून अलीकडे एक नवा खेळ रूढ होऊ लागला आहे. खेळणाऱ्याच्या हाती एक कागद पडतो, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाईलच्या पडद्यावर एकामागून एक कोडी उमटतात. त्या कोड्यांची उत्तरे शहरातील इमारती, पुतळे, कारंजी आणि वेशी ह्यांच्या अंगावर कोठेतरी असतात. आणि ती पायी हिंडून, वाटाड्या बरोबर न घेता, ज्याची त्याने हुडकावयाची असतात. इंग्रजीत ह्यास 'स्कॅव्हेंजर हंट' म्हणतात. 'स्कॅव्हेंजर' म्हणजे उकिरडा वेचणारा. शिष्ट मंडळींच्या करमणुकीस हे नाव कोणी दिले असेल ते असो; आम्ही येथे साधा 'खूणशोध' हा शब्द वापरतो. उकिरड्याशी मात्र पुढे आमची गाठ पडणार आहे.

ह्या खेळाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मुंबईत बोरीबंदरच्या स्टेशनात रोज लाखो माणसे उतरतात. 1888 साली पुऱ्या झालेल्या त्या भव्य इमारतीच्या फाटकाच्या दोन खांबांवर कोणते दोन प्राणी बसविले आहेत, असे त्यांतील कोणासही विचारावे. एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, एक इंग्लंडचे प्रतीक आणि दुसरा हिंदुस्थानचे, हे तीस वर्षे त्या फाटकावरून गेलेल्यास सांगता येईलच असे नाही. कोड्याचा कागद घेऊन आलेला दहा वर्षांचा मुलगा मात्र ते अर्ध्या मिनिटात सांगेल. किंवा 'नाव घोड्याचे, पण घोडा कोठे आहे?' हे कोडे घ्या. काळा घोडा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेवरून सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 साली हलविला गेला आणि भायखळ्याच्या उद्यानात जाऊन उभा राहिला. 2017 साली तेथे नवा घोडा आला, परंतु ह्या खेपेस पाठीवर स्वार नाही. मधली बावन्न वर्षे घोडा नसलेल्या जागेस लोक घोड्याचेच नाव घेऊन जात येत होते. राजा गेला, घोडा गेला, नाव राहिले. नंतर नावाच्या ओढीने घोडा परत आला, राजा आला नाही. एका कोड्यात एवढा इतिहास मावत असेल, तर त्या कोड्यास क्षुल्लक कसे म्हणावे?

म्हणजे सवयीने आंधळ्या झालेल्या डोळ्यांस हा खेळ पुन्हा पाहावयास लावतो, हा त्याचा गुण निर्विवाद आहे. आमचा प्रश्न त्यापुढील आहे. दहाही कोडी ज्याने सोडविली त्याने ते शहर पाहिले, असे म्हणता येईल काय? आणि ज्या वस्तीतून आपण उत्तरे वेचीत जातो, त्या वस्तीचे आपण काही देणे लागतो की नाही?

हा प्रश्न आम्हांस मुंबईत पडला नाही. तो तेर गावी पडला. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी तेरचा खूणशोध रचला, आणि आम्हीही त्या सहलीबरोबर गेलो. मोठ्या शहराचा खेळ एका खेड्यात कशास, अशी शंका काहींनी काढली. तिचे उत्तर असे की धाराशिव जिल्ह्यात आजवर जर कोणते खरोखर मोठे शहर होऊन गेले असेल तर ते तेर. धाराशिव शहराचे नाव ह्या शतकात आणि गेल्या शतकात बदलले. निजाम उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले आणि 2023 साली पुन्हा धाराशिव झाले. तेरचे नाव तेवढे कोणी बदलावयास गेले नाही. ते काळानेच झिजवून तीन अक्षरांचे दोन अक्षरांवर आणले. तेर म्हणजे प्राचीन तगर.

ह्या तगराची कथा हाच एक शंभर वर्षे चाललेला खूणशोध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तात दक्षिणेतील दोन मोठ्या बाजारपेठांची खूण दिलेली आहे: भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक येतो, तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. आणि हा सर्व माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचास नेतात. एवढ्याच खुणेवरून विद्वानांनी तगर हुडकावयास सुरुवात केली. विल्फर्ड ह्यांस ते देवगिरीस सापडले. भगवानलाल इंद्रजींस जुन्नरास. डॉक्टर भांडारकरांची दृष्टी धारूरकडे वळली. शेवटी 1901 साली फ्लीट ह्यांनी, नोकरीतून निवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर, तगर म्हणजे तेर असे सिद्ध केले; आणि पाठोपाठ कझिन्स ह्यांनी गावात येऊन तेथील अवशेषांचे वर्णन केले. खूण थोडी फसवी होती, हेही सांगितले पाहिजे. कागदावर पूर्व होती, जमिनीवर तेर पैठणच्या आग्नेयेस आहे.

ही हकिकत सांगताना 'हरवलेले नगर सापडले' असे शब्द सहज लेखणीतून उतरतात. पण हरवले होते कोणाचे? तेरणेच्या काठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, गोरोबाकाकांच्या समाधीस वारकरी येत होते, त्रिविक्रमाच्या देवळात दिवा लागत होता. तेथील माणसांचे गाव एक दिवसही हरवले नव्हते. तथापि उलट बाजूही सोडून चालणार नाही. आपल्या गावचे कापड एके काळी समुद्रापलीकडे जात होते, हे केवळ तेथे राहिल्याने कोणास कळले नसते. त्यास तो ग्रीक कागदच हवा होता. राहणाऱ्यास गाव ठाऊक होते, शोधणाऱ्यास नाव ठाऊक होते. दोघांची भेट होईपर्यंत दोघांचेही ज्ञान अर्धे होते.

प्लेटोच्या एका संवादात मेनो सॉक्रेटीसास अडविण्याकरिता विचारतो की, जे तुला ठाऊकच नाही ते तू शोधणार कसे, आणि सापडले तरी हेच ते म्हणून ओळखणार कशावरून? खूणशोधात हा पेच मुळी उद्भवतच नाही, कारण उत्तर आधीच दुसऱ्या कोणास ठाऊक असते; आपण फक्त त्याच्या मनातील वस्तूपर्यंत चालत जातो. आपल्या भाषेने ह्या बाबतीत एक सूक्ष्म भेद जपून ठेविला आहे. आपण शोध 'घेतो', पण शोध 'लागतो'. घेणारे आपण असतो. लागण्याच्या वेळी आपण कर्ते राहत नाही, जे घडावयाचे ते आपल्यास घडते. तहान लागते, ठेच लागते, वेड लागते, तसाच शोध लागतो. रचलेल्या खेळात घेणे भरपूर असते. लागण्यास मात्र जागा फार थोडी उरते.

तेरमध्ये ती जागा पावलोपावली आहे. गावाभोवतीची पांढरीची टेकाडे म्हणजे दोन हजार वर्षांचा साठलेला उकिरडाच होय. फुटकी खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती. पावसाळ्यात वरची माती वाहून गेली की काहीतरी वर येते. ते ज्याच्या नजरेस पडले त्याने उचलून खिशात घातले असते तर त्यास कोणी पाहिले नसते. येथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमविल्या, आणि आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या सर्वांस पाहता येतात. त्यांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिला पाहून 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेल्या तशाच हस्तिदंती मूर्तीची आठवण अभ्यासकांस झाल्यावाचून राहत नाही. लामतुरे ह्यांच्या हाती कोणी कोड्यांचा कागद दिलेला नव्हता. काय सापडेल हे त्यांस आधी ठाऊक नव्हते, आणि सापडलेले आपल्या एकट्याचे आहे असेही त्यांनी मानले नाही. ह्या दोन गोष्टींचा काही आतला संबंध असावा असा आमचा तर्क आहे. जे ठरवून मिळविले ते कमाई वाटते. जे लागले ते ठेव वाटते.

आता त्या सहलीकडे वळू. सहकाऱ्याच्या कागदावर दहा कोडी होती, आणि काही फार चांगली होती. 'समोरून देऊळ, पाठीमागून हत्ती' हे त्रिविक्रमाच्या मंदिराचे कोडे. विटांनी बांधलेल्या त्या वास्तूची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे, आणि त्या आकारावरूनच ती मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावी असे विद्वान मानतात. आज आत विष्णूचा त्रिविक्रम अवतार पूजिला जातो. हे देऊळ कोणत्या धर्माचे, असा प्रश्न कागदावर घातला असता तर उत्तरासाठी सोडलेली एक ओळ खचित पुरली नसती. परंतु कागदाच्या शिरोभागी एक नियम होता, आणि आमचा वाद त्याच्याशी आहे: 'कोणासही विचारू नये.'

मोठ्या शहरात हा नियम पाळणे सोपे आहे, कारण तेथे आपल्यासही कोणी विचारीत नाही. खेड्यात तसे नाही. तेथे अनोळखी माणूस हेच पहिले कोडे असते, आणि ते सोडविल्याशिवाय गाव त्यास पुढे जाऊ देत नाही. आमच्या दोन विद्यार्थिनी एका घरासमोर कागद घेऊन उभ्या होत्या. ओट्यावर निवडणटिपण करीत बसलेल्या बाईंनी हाक दिली, "कुठल्या गं पोरींनो?" मुलींनी मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले, "मावशी, आम्हांला कोणाला विचारायचं नाही असं सांगितलंय." त्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही नका इचारू की. मी इचारते."

आमच्या सहकाऱ्याचे समर्थन असे: विचारण्याची मुभा दिली की मुले डोळे मिटून उत्तरे गोळा करतात, न विचारण्याने स्वतः पाहण्याची सवय लागते. ह्यात तथ्य आहे. परीक्षेच्या दालनात तर हाच नियम आम्हीही कटाक्षाने पाळवितो. पण गाव हे परीक्षेचे दालन नव्हे. माणूस समोर बसलेला असताना, ज्या भिंतीची खूण तो रोज पाहतो ती त्यास न विचारता हेरावयाची, म्हणजे त्या माणसास भिंतीहूनही कमी लेखणे होय. माणसास केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांट म्हणतो. येथे तर त्यास साधनाचीही योग्यता दिलेली नसते, तो केवळ वाटेतील अडथळा ठरतो.

आपल्याकडे वाटाड्यावाचून हिंडण्याची परंपरा नव्हती असेही नाही. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' हा जुना मराठी ग्रंथ काढून पाहावा. चक्रधरस्वामी कोणत्या गावी राहिले, कोणत्या देवळात बसले, देवळाचे दार कोणत्या दिशेस, त्यापासून दुसरे स्थान कोणीकडे, अशी नोंद त्यात गावोगाव केलेली आहे. पोथी हाती घेऊन निघालेल्या भक्तास ही अक्षरशः खुणांची यादीच होती. फरक एवढाच की स्थान सापडल्यावर तो यादीवर खूण करून पुढच्या स्थानाकडे धावत नसे. तो तेथे वाकत असे. ज्या जागेपुढे आपण वाकतो तिच्याकडून आपल्यास काही घ्यावयाचे उरत नाही, आणि बहुधा त्याच वेळी ती आपल्यास दिसते.

पण शोधाची सर्वांत अवघड कथा तेरच्याच गोरोबांपासून निघते. परंपरा सांगते की संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबांस विचारले, ह्यांतील भाजलेली मडकी किती आणि कच्ची किती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थाप दिली. बाकीचे स्वस्थ बसले; नामदेव रागावले, आणि तेवढ्यावरून मडके कच्चे ठरले. कुंभाराची ही परीक्षा पाहण्याची नाही, ऐकण्याची आहे. मडके पक्के की कच्चे हे त्याच्या रंगावरून नव्हे, नादावरून कळते. पुढे नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथास गेले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जेथे देव नाही अशी जागा शोध आणि माझे पाय तेथे ठेव. कथा खरी किती हे इतिहासकारांनी पाहावे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ह्या खूणशोधाचे उत्तर कागदावर लिहिता येण्याजोगे नाही. शोधणारा जागोजाग पाय ठेवून पाहतो, आणि दहापैकी दहा वेळा हरतो. नामदेव यादी पुरी करून परतले नाहीत. त्यांस शोध लागला तो यादी संपत नाही ह्याचाच.

सायंकाळी तेरणेच्या काठी सर्व जोड्या जमल्या. पहिली जोडी तासाभरात दहाही उत्तरे घेऊन आली होती आणि उरलेला वेळ एका झाडाखाली मोबाईल पाहत बसली होती. त्या दोघी मुली शेवटी आल्या. त्यांची सहा उत्तरे होती, पदरी भाजलेल्या शेंगा होत्या, आणि कागदाच्या पाठीवर, कोणी न विचारलेल्या, पाच-सहा ओळी लिहिलेल्या होत्या: त्या बाईंचे माहेर कोणते, त्या घराच्या भिंतीत खालच्या विटा वरच्या विटांहून एवढ्या मोठ्या का, आणि त्या कोठून आल्या असे बाईंच्या सासूबाई सांगत. नियमाप्रमाणे बक्षीस पहिल्या जोडीस मिळाले, आणि ते योग्यच झाले. नियम मोडून बक्षीस देणे हा दुसराच अन्याय झाला असता.

पुढील वर्षीच्या कागदाविषयी आमचे आणि सहकाऱ्याचे बोलणे अजून चालू आहे. विचारू नये हा नियम काढावयास ते कबूल झाले आहेत. दहाव्या कोड्याच्या जागी एक कोरी ओळ सोडून तिच्यावर 'जे विचारले नव्हते ते' एवढेच लिहावे, अशी आमची सूचना आहे. त्या ओळीस गुण किती आणि कोणत्या कसोटीने द्यावयाचे, हे ते आम्हांस विचारतात. आम्ही गोरोबांच्या थापटण्याचे नाव काढले, तेव्हा ते हसले, परंतु त्यांचे समाधान झालेले नाही.