लाकडातला प्राणी कोणाचा?

पुराने काठावर टाकलेले एखादे मूळ पाहून कोणी म्हणतो, "हा पाहा बगळा!" ते साफसूफ करून, खाली फळी बसवून तो घरात मांडतो. आता हा बगळा घडविला कोणी? झाडाने, पाण्याने, की पाहणाऱ्याने? प्रश्न खेळकर वाटला, तरी त्याच्या पोटात प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

थोर चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) यांनी उतारवयात वाळक्या फांद्या, मुळे, बांबूचे तुकडे जमवून त्यांतून पशुपक्षी व माणसे उभी केली. त्यांना ते 'कुटुम-काटाम' म्हणत. कुंचल्यावर एवढी हुकमत असलेला हा कलावंत येथे मात्र लाकडाचा मूळ आकार होईल तितका राखीत असे.

अमेरिकेतील शिल्पकार डेबोरा बटरफील्ड यांची रीत निराळी. सापडलेल्या फांद्यांचा त्या घोडा रचतात. मग तो सोडवून एकेका फांदीभोवती साचा करतात व त्यात ब्राँझ ओततात. मूळ लाकूड साच्यातच जळून जाते. शेवटी धातूला लाकडाचा रंग देतात. पाहणारा चकतो खरा. परंतु त्या आपली रीत लपवीत नाहीत, म्हणून तिला लबाडी म्हणता येत नाही.

मग दोष कोठे येतो? कान डिंकाने चिकटवायचा, चोच सुरीने कोरायची आणि "हा निसर्गानेच घडविला" असे सांगून विकायचा, तेथे. कापण्यात दोष नाही; कापलेले लपविण्यात आहे.

दुसरी गोष्ट. सापडले म्हणजे आपले झाले काय? पडलेल्या ओंडक्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाळवी, बुरशी यांचा संसार असतो. तो कुजूनच रानाची माती कसदार होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवान्यावाचून वनोपज नेता येत नाही. आपल्या आधीचे हक्कदार तेथे आहेत, हे कायद्यानेही ओळखले आहे.

तर मग बगळा कोणाचा? आम्हांस वाटते, आकार लाकडाचा, ओळख आपली. शिक्षकांनी वर्गात एकच वाकडी काटकी दाखवून पाहावे. एका मुलाला हरिण दिसेल, दुसऱ्याला कोंबडा. दोघेही खरे बोलतात. पण काटकी काही बदललेली नसते. आपल्याला जे दिसते तेवढेच त्या वस्तूत आहे, असे मानू नये, हा धडा त्यातून सहज मिळतो.

मुलांच्या बाबतीत तर तो आपणच आधी शिकावा. लाकडाला चुकीचे कापले, तर ते ओरडत नाही. मूलही पुष्कळदा ओरडत नाही. परंतु त्याला दुखते. "हा मठ्ठ", "ती हट्टी" असे ठरवून आपण सुरी चालवू लागतो, तेव्हा क्षणभर थांबावे आणि ती काटकी दुसऱ्या बाजूने फिरवून पाहावी.