शिंगांचा जाब

बेंदूर आला की तासगाव तालुक्यात बैलांची शिंगे साळतात, घासून गुळगुळीत करतात, मग हिंगूळ लावतात. शेंब्या, गोंडे, बेगड त्यानंतर. कपाळातून निघून मागे झुकणारी आणि पुढे वर वळणारी शिंगे हा खिलाराचा मान. त्याच शिंगाने माणसाचे पोट फाटू शकते, हेही रंगवणाऱ्या हाताला ठाऊक असते. ज्याला हे दोन्ही ठाऊक आहे त्याला हिब्रू धर्मग्रंथांतली शिंगे परकी वाटणार नाहीत.

तिथे शिंग म्हणजे बळ. नवसाचा मुलगा झाल्यावर हन्ना गाते, की परमेश्वराने माझे शिंग उंच केले. दानिएलाच्या दृष्टान्तात शिंगे म्हणजे राजे. सिद्कीया नावाचा संदेष्टा अहाब राजापुढे लोखंडाची शिंगे घेऊन येतो आणि यांनी शत्रूचा फडशा पाडशील म्हणतो. अहाब त्याच लढाईत मरतो. बळाचे कौतुक आहे, पण ते मिरवणाऱ्याची गय नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते निर्गम पुस्तकाच्या २१व्या अध्यायातले मारक्या बैलाचे कलम. बैलाने माणसाला भोसकून मारले तर बैलाला दगडांनी मारावे, त्याचे मांस खाऊ नये; मालक निर्दोष. पण बैल आधीपासूनच मारका असेल, मालकाला ताकीद मिळाली असेल आणि तरी त्याने त्याला आवरले नसेल, तर मालकालाही मृत्युदंड. भरपाई मागितली गेली तर ती भरून त्याला जीव सोडवता येई. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यातही असा बैल आहे. त्याची शिंगे बोथट न करणाऱ्या मालकाला तिथे चांदीचा दंड भरावा लागे. हिब्रू कायदा मालकाच्या जिवालाच हात घालतो. दास मेला तर मात्र त्याचे मोल ३० शेकेल चांदी, आणि हा डाग झाकू नये. तरी मूळ विचार पक्का आहे: शिंग बैलाचे, पण माहीत असूनही दावे सैल सोडले तर जाब मालकाचा.

वेदीच्या चार कोपऱ्यांनाही शिंगे असत. बेर-शेबाच्या उत्खननात १९७३ साली अशा वेदीचे दगड सापडले. ते नंतरच्या एका भिंतीत वापरले गेले होते. जिवाच्या भीतीने पळालेला माणूस ही शिंगे धरी. दाविदाचा मुलगा अदोनिया ती धरून त्या वेळी वाचला. रक्ताने हात माखलेला सेनापती यवाब त्याच वेदीपाशी मारला गेला. जाणूनबुजून खून करणाऱ्याला वेदीवरूनही ओढून न्यावे, असे निर्गमच सांगते.

आणि फुंकायचे शिंग, शोफार. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, नववर्षाला, रोश हशानाला, ते ऐकतात. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. शोफार बहुधा मेंढ्याच्या शिंगाचा असतो. गाईबैलाचे शिंग चालत नाही; सोन्याच्या वासराच्या पापाची आठवण देणारी वस्तू क्षमेच्या प्रार्थनेत नको, असे रब्बींनी त्याचे एक कारण दिले. लेवीय पुस्तकाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकायचे: विकलेली शेते मूळ घराण्यांकडे परत जावीत, कर्जापायी राबणारे सुटावेत.

हे वर्ष प्रत्यक्षात कितपत पाळले गेले याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मला मात्र हे वाचताना १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आठवतो. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू झाला, आणि तासगाव तेव्हा साताऱ्यात होते. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक त्याने थांबवली, सावकाराच्या खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. मारक्या बैलाच्या मालकाला जसा जाब, तसा इथे खत बाळगणाऱ्याला. पण गहाण पडलेले शेत ठरल्या वर्षी आपोआप नातवाच्या नावावर यावे, इतके धाडस त्या कायद्यात नव्हते. ते लेवीय पुस्तकात आहे.