निळा कुठून येतो?

दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) भरभराटलेलं तंजावरचं चित्र जवळून पाहावं. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडू आणि गोंदाचा उठाव, उठावावर सोन्याचा वर्ख. उरलेल्या जागेत दाट रंग. शेल्याचा लाल कुठूनही पाहा, लालच. वर्ख मात्र आपण सरकू तसा उजळतो, मावळतो. फुलपाखराच्या पंखावर रंगाचे असेच दोन कारभार चालतात.

पंख बोटाला लागला की जी भुकटी उरते ती खवल्यांची. एकेक खवला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कोशातल्या एकेका पेशीने घडवलेला. काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. आपल्या केसांतही तेच. पांढऱ्या-पिवळ्या पिअरिड फुलपाखरांत टेरिन नावाची द्रव्यं असतात. गरोदरपणात घ्यायचं फॉलिक ॲसिड त्यांच्याच गोतातलं, हे कळल्यापासून त्या पिवळ्याकडे मी जास्त आपुलकीने पाहते. पुष्कळ जातींत कोशामध्ये आधी पिवळे-लाल रंग उतरतात, काळा सर्वांत शेवटी.

निळ्याचं मात्र वेगळं. तंजावरच्या बागांतही दिसणारं चांदवा नावाचं फुलपाखरू घ्या. नराचे पंख मखमली काळे, त्यांवर पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांभोवती जांभळट निळी झाक. पंख जरा कलला की ती झाक गेली! कारण तिथे निळं द्रव्यच नाही. खवल्यावर कायटिनचे अतिसूक्ष्म थर असतात, मध्ये हवा. थोडा उजेड वरच्या थरावरून परततो, थोडा खालच्या. थरांची जाडी अशी बेतलेली असते की परतताना निळ्या लाटा एकमेकींना बळ देतात, इतर रंगांच्या लाटांना तसं बळ मिळत नाही. कोन बदलला की हा हिशेबही बदलतो.

पण नुसत्या थरांनी भागत नाही. आरपार गेलेला उजेड खालचं मेलॅनिन गिळतं, म्हणून निळा असा धारदार उठतो. मेलॅनिन काढून घेतलं तर तोच निळा फिका पडेल. माझ्या मते यातलं खरं नवल हेच: निळ्याचा जोर काळ्यावर उभा आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखराच्या पंखावर स्पिरिटचा थेंब टाकला तर निळा चक्क हिरवा होतो, कारण थरांमधल्या हवेची जागा द्रव घेतो. स्पिरिट उडालं की पंख पुन्हा निळा.