ब्रेक कोणासाठी तपासायचा?



‘गाडी पासिंगला न्यायची आहे’ हे वाक्य ज्या घरात जुनी टॅक्सी किंवा टेम्पो आहे, त्या घरात दरवर्षी ऐकू येते. त्या आठवड्यात घरातले वातावरणच बदलते. दिवे लावून पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. टायर, स्टिअरिंग, वायपर, ब्रेक, धूर, विम्याचा कागद, सगळे एकदा नजरेखालून जाते. आपल्या मनाचे असे पासिंग वर्षातून एकदा तरी होते का? आज या प्रश्नावर आपण मिळून थोडे चिंतन करूया.

आधी कायदा काय सांगतो ते पाहा. खासगी मोटारीची नोंदणी पहिली 15 वर्षे चालते. त्यानंतर गाडी तपासून ती 5-5 वर्षांसाठी वाढवून मिळते. टॅक्सी, बस, ट्रक यांचे तसे नाही. 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्यांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबईची शेवटची ‘पद्मिनी’ टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. 20 वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन 30 ऑक्टोबर 2023 पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. तोपर्यंत तिलाही तपासणीतून सुटका नव्हती.

हा फरक का बरे असेल? उत्तर सोपे आहे. जी गाडी दुसऱ्यांना वाहून नेते, तिची तपासणी जास्त वेळा. वाचकहो, हे वाक्य मनात ठेवा. आपल्याला पुढे ते लागणार आहे.

त्याच पद्मिनीची थोरली बहीण म्हणावी अशी एक गाडी मला दिल्लीत भेटली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, 1970 सालची फियाट. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मराठी काकांच्या वडिलांनी ती घेतली होती. बदली झाली तशी गाडीही दिल्लीला आली. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढे-मागे चारही चाकांना ड्रम ब्रेक. काकांना ती गाडी म्हणजे वडिलांची आठवण.

29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात 15 वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या आणि 10 वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली. दिल्लीच्या हवेची अवस्था पाहता काकांची त्याविषयी तक्रार नव्हती. फियाटवर ताडपत्री पडली. पुढे जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. त्याआधी राज्याच्या समितीने गाडी तपासून योग्य ठरवली पाहिजे. काकांना हुरूप आला. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, कागदपत्रे लावायला मदतीला गेलो आणि सुटीच्या दिवशी क्रोमची पट्टी घासायलाही बसू लागलो.

त्या वर्षी दसऱ्याला गाडी आरशासारखी चमकत होती. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, पूजा झाली. मग वसाहतीतली चार मुले मागे लागली. मीही म्हणालो, “काका, एकच चक्कर. कॉलनीतल्या कॉलनीत तर जायचंय!” काका क्षणभर थांबले आणि मग हसून चावी फिरवली. चार मुले, काका आणि मी. एक चक्कर झाली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री तपासायला आले. त्यांनी चमकणाऱ्या पत्र्याकडे पाहिलेच नाही. जॅक लावून मागचे चाक काढले, ड्रम उतरवला आणि काकांना खाली वाकायला सांगितले. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबर कडक होऊन चिरले होते. आतून तेल झिरपून लायनिंग ओले झाले होते. मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहेब, जोरात ब्रेक मारायची वेळ आली नाही, हे नशीब.”

काका बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. मी धीर द्यायला म्हणालो, “काही झालं नाही ना काका, मग जाऊ द्या.” त्यावर ते म्हणाले, “झालं नाही, त्यात माझं काय कर्तृत्व?”

त्या संध्याकाळी काका एकेका घरी गेले. मीही सोबत होतो. चारही मुलांच्या आईवडिलांना त्यांनी सांगितले, “गाडी रस्त्यावर काढायची नव्हती, मी काढली. ब्रेक खराब होता, मी पाहिला नव्हता. तुमच्या मुलाला मी त्यात बसवलं. माझं चुकलं.” तीन घरांत लोकांनी हसून सोडून दिले. चौथ्या घरातली आई मात्र हसली नाही. तिने मुलाला जवळ ओढले आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंत.” काका मान खाली घालून उभे राहिले. मला वाटते, त्यांची खरी तपासणी त्या दारात झाली.

आता माझी कबुली. कागदपत्रांच्या धावपळीत एका मध्यस्थाने मला सांगितले होते, “गाडी दाखवायची कटकट कशाला? कागद मी आणून देतो.” मी ते काकांना मोठ्या उत्साहाने कळवलेही होते. काकांनी तेव्हा नुसते ‘नको’ म्हटले. त्या ‘नको’चा अर्थ मला ओला झालेला ड्रम पाहून कळला. कागद आला असता, पण रबर चिरलेलेच राहिले असते. हिशेब शिकणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे व्यवहार प्रामाणिक झाला असे नसते. प्रमाणपत्र वेगळे आणि पात्रता वेगळी.

वाचकहो, आपणही असेच करतो ना? सणासुदीला घर, कपडे, देवघर सगळे उजळते. सत्संगात आपले बोलणे गोड असते. हे सगळे चांगलेच आहे, पण ती बाहेरची झळाळी झाली. ब्रेक कुठे तपासला जातो? अचानक कुणी आडवे आले की! दिवसभराच्या कामाने थकून घरी आल्यावर आई दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते, तेव्हा. मूल दूध सांडते, तेव्हा. त्या क्षणी जीभ थांबते की नाही, हीच आपली ब्रेकची तपासणी.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी आणि आत्मा हा रथाचा स्वामी. या रूपकात रथाला रंग कोणता, याची चौकशी कुठेही नाही. घोडे सारथ्याच्या ताब्यात आहेत का, एवढेच पाहिले आहे. आपल्या ऋषींनी सौंदर्याआधी लगाम पाहिला.

येथे एक शंका येईल. “माझा स्वभावच असा आहे. मी पहिल्यापासून तापटच. आता या वयात काय बदलणार?” याचे उत्तरही त्या फियाटनेच मला दिले. दिल्लीत 1964 पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली भरत आली आहे. तेथे गाडी किती मूळ स्वरूपात आहे यालाही गुण असतात. व्हिंटेजच्या नियमातही चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत बदल केलेले चालत नाहीत. म्हणून मी मिस्त्रींना विचारले, “नवं रबर बसवलं तर गाडी मूळची राहील का?” ते हसले. म्हणाले, “रबर, तेल, लायनिंग ही झिजायचीच वस्तू. ती बदलली नाही तर मूळ गाडीच उरणार नाही.”

किती साधे आणि किती खोल! आपल्यातही मूळ काय आणि झिजणारे काय, हे ओळखायला हवे. आत्मा मूळ आहे. प्रेम, करुणा, सत्याची ओढ ही मूळची आहेत. तापटपणा, टोमणे मारण्याची खोड, ऐकून न घेण्याची सवय ही कडक झालेली रबरे आहेत. त्यांना ‘माझा स्वभाव’ असे नाव देऊन आपण जपत बसतो. जुने जपावे, पण जुना दोष जपू नये.

आता सुरुवातीचे वाक्य आठवा. जी गाडी दुसऱ्यांना वाहून नेते, तिची तपासणी जास्त वेळा. आपल्यापैकी कोण एकटा प्रवास करतो? तुमच्या रागाच्या गाडीत तुमची पत्नी, पती, मुले, म्हातारे आईवडील, हाताखालचे सहकारी बसलेले आहेत. त्यांनी तुमचा ब्रेक तपासून पाहिलेला नाही, ते विश्वासाने बसले आहेत. म्हणून आत्मपरीक्षण ही केवळ स्वतःच्या मोक्षाची गोष्ट नाही. ते आपल्या मागच्या सीटवर बसलेल्यांचे देणे आहे.

या आठवड्यात एक छोटी साधना करूया. रात्री झोपण्यापूर्वी 5 मिनिटे शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज मी कुठे थांबायला हवे होते आणि थांबलो नाही? त्या वेळी माझ्यासोबत कोण होते? ‘काही झाले नाही ना’ असे म्हणून मी कोणती चूक सोडून दिली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर सकाळी त्या माणसाकडे जा आणि सांगा. समोरचा हसेल किंवा हसणार नाही, तो त्याचा अधिकार आहे. सांगणे आपले काम.

काकांचा अर्ज अजून मार्गी लागायचा आहे. पण दर दसऱ्याला, पूजेच्या आदल्या दिवशी, ते चारही चाके उतरवून ब्रेक तपासून घेतात. कोणत्याही कायद्याने त्यांना ते सांगितलेले नाही. मग हार घातला जातो, आरती होते, पेढे वाटले जातात. मुले “काका, एक चक्कर!” म्हणतात. काका हसून चावी खिशात ठेवतात.

आपल्या सर्वांना वेळेवर थांबण्याची शक्ती मिळो, हीच प्रार्थना.